३३ घरांची खिडकी: फुलीटाक्याचं छोटं भरतकाम शुभेच्छापत्रात बसवताना

भरतकाम येतं पण कार्ड जमत नाही, अशी तक्रार घेऊन कुणी आपलं काम दाखवलं की मला बहुतेक वेळा एकच गोष्ट दिसते. टाके सुबक, रंग छान, मागची बाजूसुद्धा बघण्यासारखी; आणि या सगळ्याभोवती किंचित तिरकी बसलेली खिडकी, म्हणजे भरतकाम दिसावं म्हणून कार्डाला कापलेला चौकोन. मॅटीचं कापड म्हणजे आखलेली चौकटीची वही; तिची एक चौकट म्हणजे एक घर, एका फुलीची जागा. कार्डाच्या खिडकीची कड वरच्या टोकाला एक घर जास्त आणि खालच्या टोकाला एक घर कमी दाखवू लागली, तर फरक जेमतेम दोन मिलिमीटरचा असतो, पण डोळा तिथेच अडकतो. साध्या सुती कापडावरचं भरतकाम असला तिरकेपणा पोटात घालतं. मॅटी चुगली करते.

म्हणून इथे आपण कात्री हातात घेण्याआधी घरं मोजणार आहोत. खिडकी पट्टीवरच्या मिलिमीटरने न ठरवता कापडाच्या घरांनी ठरवायची, एवढी एक सवय लागली की निम्मी डोकेदुखी जाते. उदाहरणाला एकच कार्ड शेवटपर्यंत करू: २५ घरं रुंद, २५ घरं उंच असं तुळशी वृंदावन. कर्नाटकातल्या कसुती या भरतकामात हा नमुना जुना आहे. कसुतीच्या चार टाक्यांपैकी मेंथी म्हणजे आपला फुलीचा टाकाच, त्यामुळे तिथले गोपुर, हत्ती, वृंदावन असे नमुने मॅटीवर सहज उतरतात. शिवाय वृंदावनाचं कार्ड दिवाळीला पोचायला उशीर झाला तरी तुळशीच्या लग्नापर्यंत चालून जातं!

तीन पानांचं कार्ड

दुमडलेल्या साध्या कार्डाला खिडकी पाडून मागून कापड चिकटवलं, तर कार्ड उघडल्यावर भरतकामाची उलटी बाजू आणि टेपच्या पट्ट्या समोर येतात. म्हणून कार्ड तीन पानांचं करायचं: एक दर्शनी पान ज्यात खिडकी असते, एक मागचं पान, आणि एक झाकण, जे आत वळून भरतकामाची पाठ झाकतं.

ए-४ आकाराचा कागद २९७ बाय २१० मिमी असतो. तो आडवा धरून उंची १४० मिमी ठेवली की २९७ बाय १४० ची पट्टी मिळते. तिचे तीन समान भाग केले की प्रत्येक पान ९९ मिमी. खाली उरलेली ७० मिमीची पट्टी फेकू नका, तिच्यात भेटवस्तूंना बांधायच्या तीन-चार चिठ्ठ्या निघतात.

झाकण मात्र ९९ नव्हे, ९७ मिमीचं ठेवायचं. दोन मिलिमीटर कापून टाकायचे. पूर्ण ९९ ठेवलं तर झाकण मुख्य घडीत (खिडकीचं पान आणि मागचं पान यांच्यामधल्या) जाऊन रुतून बसतं आणि कार्ड नीट मिटत नाही, सारखं आ वासून उभं राहतं.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, कारण मी स्वतः यात फसले आहे. माझं पहिलं कार्ड उलट्या बाजूने उघडायचं. भरतकाम बसवून, झाकण चिकटवून, सगळं वाळवून झाल्यावर लक्षात आलं की घडी उजवीकडे आली आहे. तेव्हापासून मी पट्टी पालथी ठेवते, म्हणजे सुलटी बाजू टेबलाकडे, आणि डावीकडच्या पानावर पेन्सिलने ‘झा’ लिहिते. पालथ्या पट्टीत डावीकडून क्रम असा: झाकण, खिडकीचं पान, मागचं पान. झाकण डावीकडून उजवीकडे मिटायचं. मग कार्ड सरळ केलं की घडी डावीकडे येते आणि ते पुस्तकासारखं उघडतं.

घरांचं गणित

१४ काउंट मॅटी म्हणजे एका इंचात १४ घरं. एक घर साधारण १.८ मिमीचं. आपलं वृंदावन २५ घरांचं, म्हणजे साधारण ४५ मिमी. तेच ११ काउंटवर केलं तर ५८ मिमी होईल आणि १८ काउंटवर फक्त ३५. नमुना तोच, कार्ड वेगळं. म्हणून ‘हा नमुना किती इंचांचा’ असं कुणी विचारलं तर आधी कापड कोणतं ते विचारावं लागतं.

नमुन्याभोवती मोकळी जागा हवी. मी चारी बाजूंना चार-चार घरं सोडते. २५ आणि ४ आणि ४, झाली ३३ घरं. १४ काउंटवर ३३ घरं म्हणजे ५९.९ मिमी, जवळजवळ नेमके सहा सेंटिमीटर. ९९ मिमीच्या पानात ही खिडकी दोन्ही बाजूंना साडेएकोणीस मिमी सोडून बसते. कड भक्कम राहते आणि भरतकाम गुदमरत नाही.

मोकळी जागा दोन घरांवर आणली तर नमुना खिडकीत कोंबल्यासारखा दिसतो. सात-आठ घरं सोडली तर एवढ्याशा वृंदावनाला मोठं अंगण मिळतं, आणि तेही शोभतं, पण मग खिडकी ७२-७३ मिमीची होते आणि ९९ च्या पानात कड १३ मिमीचीच उरते. एवढ्या अरुंद कडेवर कापड आणि झाकण दोन्ही चिकटवायचं म्हणजे कसरत.

एक खोच आहे. बाजारात सुट्या मीटरने मिळणाऱ्या मॅटीचं घर दर वेळी नेमकं चौरस असेलच असं नाही. विकत घेताना पट्टी जवळ ठेवा. उभ्या बाजूने दोन इंच मोजा, घरं मोजा; मग आडव्या बाजूने तसंच. दोन्हीकडे २८ आली तर उत्तम. एकीकडे २८ आणि दुसरीकडे २६ आली, तर गोल सूर्य अंडाकृती होणार हे आधीच समजून चला. फुलापानांना फरक पडत नाही. वर्तुळाला, स्वस्तिकाला आणि घराच्या चित्राला पडतो. त्याच वेळी कार्डशीटचा तुकडाही कापडाशेजारी धरून बघा. मळकट पांढरी मॅटी लख्ख पांढऱ्या आयव्हरी शीटमध्ये (जाड गुळगुळीत कार्डपेपरमध्ये) बसवली की कापड धुवायचं राहिल्यासारखं वाटतं. क्रीम कापडाला क्रीम, मातकट किंवा गडद कार्ड. कार्डाचा रंग निवडताना मी नमुन्यातला सगळ्यात जास्त वापरलेला रंग टाळते आणि दुसऱ्या क्रमांकाचा घेते. वृंदावनात हिरवा भरपूर असतो, म्हणून कार्ड विटकरी.

टाके घालतानाच कार्ड डोळ्यापुढे ठेवा

कापड १५ बाय १५ सेंटिमीटरचं घ्या. शेवटी ते आठ सेंटिमीटरवर येणार आहे, पण रिंगमध्ये ताणायला एवढं लागतं. कडा उसवू नयेत म्हणून मोठा धावदोरा घाला. कापड चारात दुमडून मधलं घर शोधा. २५ ही विषम संख्या, त्यामुळे तेरावं घर बरोबर मध्यावर येतं आणि तुळशीचं खोड तिथूनच वर काढायचं. सम संख्येच्या नमुन्यात मध्य घरात नसतो, दोन घरांमधल्या रेघेवर असतो; हे विसरलं की सगळं अर्ध्या घराने सरकतं.

१४ काउंटला सहा पदरी दोऱ्यातले दोन पदर आणि बोथट टोकाची २४ नंबरची सुई. फुलीचा वरचा पाय सगळीकडे एकाच दिशेला हवा. मोठ्या तसबिरीत एखादी उलटी फुली खपून जाते, पण सहा सेंटिमीटरच्या खिडकीत ती ओळीतून बाहेर आलेल्या मुलासारखी उठून दिसते.

गाठ मारू नका. भिंतीवरच्या चौकटीत गाठ मागे लपते. कार्डात मागून भरणी (कापडामागचा मऊ थर) आणि झाकण दाबून बसतं, आणि गाठ पुढे टेंगळासारखी वर येते. सुरुवातीला एकच लांब पदर घ्या, मधोमध दुमडा, त्याची दोन मोकळी टोकं सुईत ओवा. मागून सुई वर काढा, पहिली तिरकी रेघ घालून खाली न्या आणि मागे राहिलेल्या फासातून सुई ओढा. गाठीशिवाय दोरा पक्का. शेवट करताना मागच्या चार-पाच टाक्यांखालून सुई सरकवा आणि दोरा अगदी जवळून कापा.

गडद दोरा रिकाम्या जागेमागून ओढत नेऊ नका. वृंदावनाच्या दोन बाजूंच्या दोन लाल फुलांमध्ये आठ घरांचं अंतर असेल, तर दोरा तोडा आणि नव्याने सुरू करा. पांढऱ्या मॅटीतून मागचा लाल दोरा सावलीसारखा दिसतो, आणि दिवसाउजेडी तर हमखास.

धुणं आणि इस्त्री

छोटं काम आहे, हात स्वच्छ होते, कशाला धुवायचं, असं वाटतं. धुवा. रिंगचा वळ, बोटांचं तेल आणि नव्या मॅटीची खळ, तिन्ही जातात. कोमट पाण्यात सौम्य साबण किंवा रिठ्याचं पाणी, दहा मिनिटं भिजवून हलक्या हाताने दाबायचं, पिळायचं नाही. लाल आणि गडद निळा दोरा रंग सोडू शकतो. तसं झालं तर घाबरून कापड वाळत घालू नका. वाळलं की डाग पक्का. गार पाणी बदलत राहा, पाणी स्वच्छ येईपर्यंत.

मग टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपायचं, आणि कापड ओलसर असतानाच टॉवेलवर पालथं ठेवून मागून इस्त्री. टॉवेलचा मऊपणा टाक्यांना जागा देतो, ते चपटे होत नाहीत. इस्त्री फिरवू नका, उचलून ठेवा, उचलून ठेवा. फिरवली की कापड तिरकं ओढलं जातं आणि तीच तिरकी वीण पुढे खिडकीत दिसते. जरीचा दोरा वापरला असेल तर इस्त्री मंद.

धुतल्यावर कापड थोडं आटतं. म्हणजे कागदावरचे ५९.९ मिमी आता ५९ असू शकतात. म्हणून खिडकी अजून कापलेली नाही.

कच्चा धावदोरा, म्हणजे खिडकीचं दार

या सगळ्या लेखातली माझी आवडती पायरी ही. इस्त्री झाल्यावर नमुन्याच्या चारी बाजूंना चार-चार घरं मोजा आणि ३३ बाय ३३ घरांच्या कडेवरून फिक्या निळ्या दोऱ्याचा एक पदर घेऊन धावदोरा घाला. चार वेगळ्या रेघा नकोत. एका कोपऱ्यात मागून सुरू करून, चौकोन फिरून, त्याच कोपऱ्यात मागे संपवा, गाठीशिवाय. नंतर तो मागून ओढून काढायचा आहे.

आता पट्टीने हा निळा चौकोन मोजा, उभा आणि आडवा. जो आकडा येईल तीच तुमची खिडकी. ५९ बाय ६० आली तर तसंच. सुंदर साठ बाय साठ करण्याच्या मोहात पडू नका.

मग कापड छाटायचं: निळ्या रेघेपासून बाहेर सहा घरं सोडून, विणीच्या खाचेतून सरळ. एकूण ४५ घरं, साधारण ८१-८२ मिमी. ९९ च्या पानात दोन्ही बाजूंना साडेआठ मिमीच्या आसपास कोरं कार्ड उरतं, आणि झाकण तिथे कागदाला कागद असं चिकटतं. कापड पानाच्या कडेपर्यंत नेलं तर झाकण कापडालाच चिकटतं, चार दिवसांनी सुटतं आणि कडेतून दोरे डोकावतात.

दुकानात मिळणारं शिंप्याचं फ्युजिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं अस्तर, मागून लावावं का? उसवण थांबते हे खरं, पण कापड पुठ्ठ्यासारखं होतं आणि भरणीचा उठाव मरतो. सहा घरांची मोकळी कड असली की मला त्याची गरज वाटलेली नाही.

कार्ड कापणं

कार्डशीट २५० ते ३०० जीएसएमची (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन). २०० च्या खाली कागद भरतकामाच्या वजनाने वाकतो, ३०० च्या पुढे घडीवर तडकतो. कागदालाही वीण असते. तुकडा हातात घेऊन आधी लांबीत, मग रुंदीत हलकेच वाकवून बघा. ज्या दिशेला तो सहज वाकतो त्या दिशेने घडी पडली तर ती गुळगुळीत येते. तयार ए-४ शीटमध्ये बहुधा तंतू लांबीच्या दिशेने असतात आणि आपल्या घड्या त्यांना आडव्या जातात, म्हणून खाच नीट कोरावी लागते. मोठी शीट आणून स्वतः कापलीत तर दिशा तुमच्या हातात.

घडीच्या जागी लोखंडी पट्टी ठेवून शाई संपलेल्या बॉलपेनने किंवा विणकामाच्या सुईने दोनदा रेघ ओढा. दाब हवा, कागद फाटायला नको. छापखान्यात खाच बाहेर आणि तिचा फुगवटा घडीच्या आत येईल असं दुमडतात. म्हणून रेघ सुलट्या बाजूने कोरा आणि तिच्यापासून दूर, मागच्या बाजूला घडी घाला.

खिडकीची जागा आखायची ती पालथ्या बाजूने. आडवी मध्यावर: ९९ मधून खिडकीची रुंदी वजा करून निम्मी. उभी मात्र मध्यावर नको. वर ३० मिमी, खाली ५० ठेवा. नेमकी मध्यावर ठेवलेली खिडकी खाली घसरल्यासारखी वाटते, आणि खालची जास्तीची जागा ‘शुभ दीपावली’ लिहायला कामी येते.

पेन्सिलच्या रेघा आखल्या की चारी कोपऱ्यांत सुईने आरपार बारीक भोक पाडा. मग कार्ड सुलटं करा. या बाजूला पेन्सिलची एकही रेघ नाही, फक्त चार टिंबं. लोखंडी पट्टी दोन टिंबांवर ठेवा आणि कटरने कापा. कापायचं सुलट्या बाजूनेच, कारण पातं जिथून बाहेर पडतं तिथे कागदाला बारीक ओठ येतो, तो आत गेलेला बरा.

कटरचं पातं नवं घ्या. कंजूषपणा करायची जागा ही नव्हे. बोथट पातं कागद कापत नाही, ओरबाडतं. एका दमात आरपार जायचा प्रयत्न न करता तीन-चार हलके हात फिरवा. लोखंडी पट्टी नेहमी कार्डाच्या बाजूला, म्हणजे हात घसरला तर पातं फेकायच्या तुकड्यात जातं. कोपऱ्याशी आल्यावर टिंबावर थांबा. पुढे गेलात तर कोपऱ्यातून केसासारखी चीर बाहेर येते आणि ती कशानेही लपत नाही. चौकोन अडून राहिला तर ओढू नका, मागून कोपऱ्यात पातं टेकवून सोडवा. खाली कटिंग मॅट नसेल तर जाड पुठ्ठा चालतो. काचेवर पातं पटकन बोथट होतं.

मजकूर आधी

कार्ड कापून झालं, भरतकाम अजून बाजूला आहे: मजकूर आता लिहा. बहुतेक जण हे शेवटी ठेवतात आणि मग ‘सस्नेह’मधला ‘स्ने’ चुकला की सगळं कार्ड वाया. आत्ता चुकलात तर एक शीट गेली, वृंदावन शाबूत. कार्ड उघडल्यावर उजवीकडे येणारं पान, म्हणजे मागच्या पानाची आतली बाजू, लिहायला घ्या. डावीकडे झाकण येतं, ते कोरं राहू द्या.

बसवण्याची वेळ

सहा मिमी रुंदीची, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप आणा. ओला गोंद नको, पातळ नको, घट्ट नको, ‘वाळल्यावर पारदर्शक’ वाला पण नको. मॅटी म्हणजे भोकांचं कापड. गोंद भोकातून वर येतो आणि चकाकणारा डाग पडतो, वर ओल्या कार्डाला पोक येतो. माझ्या दोन कार्डांनी हे मला शिकवलं आहे.

कार्ड पालथं ठेवून खिडकीच्या चारी बाजूंना टेप लावा, खिडकीच्या कडेपासून दोन मिमी जागा सोडून. आपल्या सहा घरांच्या कडेत ती पुरती मावते. टेपवरचा कागद पूर्ण काढू नका. प्रत्येक पट्टीचं एक टोक सेंटिमीटरभर सोलून त्याची शेपटी खिडकीच्या मोकळ्या जागेत डोकावेल अशी वळवा. चार पट्ट्या, चार शेपट्या.

आता भरतकाम टेबलावर सुलटं ठेवा आणि कार्ड त्याच्यावर आणा. उलट करू नका. कापड उचलून कार्डाच्या पाठीवर ठेवायला गेलात की नमुना दिसत नाही, अंदाजाने बसवावं लागतं, आणि सगळी तिरकी कार्डं तिथेच जन्माला येतात. कार्ड दोन्ही हातांत धरून वरून सरळ खाली बघत हळूहळू उतरवा. चारी कडांना निळा धावदोरा दिसतोय ना? तो चारी बाजूंना एकाच वेळी कडेखाली जाऊ द्या. एका बाजूला दिसतोय आणि समोरच्या बाजूला गडप झालाय, तर अजून टेकवू नका.

टेकवलंत की फक्त सोललेल्या चार जागा चिकटतात. आता खुर्चीत मागे रेलून हातभर अंतरावरून बघा. वरच्या कडेलगत चार घरं, खालच्या कडेलगत चार, डावीकडे चार, उजवीकडे चार. मोजा, खरंच मोजा. चुकलं असेल तर अलगद उचलून पुन्हा. चार छोट्या जागा सहज सुटतात. बरोबर असेल तर एक हात कार्डावर ठेवून दुसऱ्याने एकेक शेपटी खिडकीतून बाहेर ओढा आणि कड बोटाने दाबत जा. समोरासमोरच्या बाजू जोडीने घ्या, आधी वर-खाली, मग डावी-उजवी, म्हणजे कापड एका बाजूला ओढलं जात नाही.

कार्ड पालथं करा, निळ्या दोऱ्याचं टोक शोधा, ओढा. कडेपासून दोन मिमीत टेप नाही, त्यामुळे तो अडकत नाही. हा दोरा सरसर निघताना जे समाधान मिळतं ते पूर्ण भरतकाम संपल्यावरही मिळत नाही, असं माझं खासगी मत आहे.

मग भरणी. खिडकीपेक्षा चारी बाजूंनी दोन मिमी लहान, म्हणजे ५६ बाय ५६ चा मऊ तुकडा. पातळ पॉलिएस्टर भरणी दोन-तीन मिमी जाडीची, किंवा जुन्या फ्लॅनेलच्या दुपट्याचे दोन थर. कापड खिडकीतून किंचित पुढे आलं पाहिजे, उशीसारखं फुगलं नाही पाहिजे. भरणी खिडकीएवढी किंवा मोठी घेतली तर ती कडेखाली जाऊन कार्डालाच फुगवते. कापडाच्या मागे टेपच्या एका ठिपक्याने तिला जागेवर धरा. कापड पांढरं आणि कार्डशीट गडद असेल तर भरणीही पांढरीच घ्या, नाहीतर मागचा विटकरी झाकणाचा रंग घरांच्या भोकांतून दिसत राहतो.

शेवटी झाकण. खिडकीच्या पानाच्या आतल्या चारी कडांना, कापडाबाहेरच्या कोऱ्या पट्टीवर, टेप लावा, बाहेरच्या कडेपासून दोन मिमी आत. कागद सोला. झाकण घडीकडून सुरू करून बाहेरच्या दिशेने बसवत न्या, हवा पुढे ढकलत. झाकण मुख्य घडीच्या दोन मिमी अलीकडे थांबेल. ते कापलेले दोन मिमी इथे आठवतात. दाबायला पुस्तकांची चळत ठेवू नका, भरणी चपटी होईल; फक्त कडांवरून पट्टी दाबून फिरवा.

बसवल्यावर तिरकेपणा आत्ताच दिसला असेल तर हेअर ड्रायरची कोमट हवा झाकणाच्या कडेवर धरा. टेप मऊ होते आणि झाकण न फाटता उचलता येतं, बहुतेक वेळा. कोपऱ्यात चीर गेली असेल तर दुसऱ्या रंगाच्या कागदाची तीन मिमी रुंद चौकट कापून खिडकीभोवती वरून लावा. बघणाऱ्याला तो नक्षीचाच भाग वाटतो.

चौकोनी खिडकी नको असेल तर

गोल खिडकी दिसते अवघड, पण तिरकेपणाला ती चौकोनापेक्षा दयाळू आहे, कारण तिची कड विणीच्या रेघेशी कुठेच समांतर नसते. वाटी किंवा पेला ठेवून आखा आणि कापताना कटर स्थिर धरून कागद फिरवा.

खिडकीच नको तर झालर करा. नमुन्याभोवती चार घरं सोडून बारीक, दाट टाक्यांचा एक चौकोन शिवा, बाहेर आणखी तीन घरं ठेवून कापा आणि त्या तीन घरांतले कडेला समांतर असलेले दोरे सुईने ओढून काढा. शिवलेली रेघ उसवण तिथेच थांबवते. मग हे कापड टेपने साध्या दुमडलेल्या कार्डावर, मध्ये वेगळ्या रंगाच्या कागदाचा थर देऊन लावा. मुलांना सुट्टीत शिकवायला हेच चांगलं. भोकं पाडलेल्या जाड कागदावरही फुलीटाका घालता येतो. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंग्रज घरांत त्यावर पुस्तकातल्या खुणा आणि सुविचार भरले जात. कागद उसवत नाही, धुवायचा नाही, पण दोरा जोरात ओढला की दोन भोकांमधली पट्टी तुटते.

रुखवतात ठेवायला केलेले जुने फुलीटाक्याचे तुकडे घरात पडून असतील तर त्यांनाही असंच कार्डात बसवता येईल. फक्त आधी धुवा, आणि दोरा रंग सोडतो का हे एका कोपऱ्यावर ओला पांढरा रुमाल दाबून बघा.

पाकिटात

९९ बाय १४० चं कार्ड सी-६ पाकिटात, म्हणजे ११४ बाय १६२ मिमीच्या, सैलसर बसतं. भरणीच्या जाडीला ती जागा लागतेच. दर्शनी बाजूवर बटर पेपर आणि त्यावर कार्डाएवढा पातळ पुठ्ठा ठेवा, म्हणजे तिकिटावरचा शिक्का वृंदावनावर आपटत नाही. पुठ्ठा कोणत्या बाजूला आहे ते ओळखून तिकीट त्याच बाजूला लावा. मणी लावले असतील तर बुडबुड्यांचं पाकीट घ्या, साध्या पाकिटाच्या भानगडीत पडू नका.

पावसाळ्यात कार्ड करायची असतील तर शीट आणल्या आणल्या वापरू नका. दमट हवेत कागद ओल धरतो, टेप नीट पकडत नाही आणि वाळल्यावर झाकण सुरकुततं. मी दिवाळीची कार्डं घटस्थापनेच्या सुमारास, ऊन पडू लागलं की बसवते. टाके मात्र आषाढ-श्रावणातच घालून ठेवलेले असतात, एकेका तुकड्यावर चिठ्ठी टाचून: ‘१४ काउंट, ३३ घरं, कार्ड विटकरी’.